संत्रा-लिंबाच्या नवतीवरील पाने पोखरणारी अळी : ओळख, जीवनक्रम व बंदोबस्त

मृगाचा पाऊस बऱ्यापैकी झाला की संत्रा, मोसंबी व कागदी लिंबाची झाडे पंधरा-वीस दिवसांत पोपटी नवतीने भरून जातात. या नवतीवर पुढचा बराच हिशोब अवलंबून असतो. फळे धरणाऱ्या काड्या अशा नवतीतूनच तयार होतात आणि लहान कलमांचा तर सगळा सांगाडाच तिच्यातून उभा राहतो. परंतु नवती फुटून आठ-दहा दिवस होत नाहीत तोच कोवळ्या पानांवर चांदीसारख्या चकाकणाऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसू लागतात. पाने आकसतात, त्यांच्या कडा दुमडतात आणि शेंडे चुरगळल्यासारखे होतात. मग घाईने दुकानातून औषध येते आणि पाठीवर पंप चढतो. आठ दिवसांनी पाहावे तर रेघा जशाच्या तशा. औषध लागू पडले नाही असे समजून दुसरे, अधिक जहाल औषध आणले जाते.

रेघा जशाच्या तशा राहणारच. एकदा पोखरलेले पान कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. रेघ ठळक दिसू लागते तेव्हा ती काढणारी अळी बहुधा खाणे संपवून कोषात गेलेली असते, किंवा पतंग होऊन उडूनही गेलेली असते. रिकाम्या घरावर केलेल्या फवाऱ्याचा खर्च मात्र खरा असतो. म्हणून या लेखात औषधांच्या यादीपेक्षा किडीच्या जीवनक्रमाला अधिक जागा दिली आहे. तो नीट ध्यानात आला तर फवारा केव्हा करावा, कोणत्या झाडांवर करावा आणि कोठे मुळीच करू नये, हे आपले आपल्यालाच ठरवता येईल.

नावाचा घोळ

या किडीला काही भागांत पाने पोखरणारी अळी तर काही भागांत नागअळी म्हणतात. नागमोडी रेघेवरून पडलेले हे नाव सोयीचे असले तरी त्यामुळे गोंधळ होतो, कारण टोमॅटो, काकडी, झेंडू, वाल यांच्या पानांवर पांढऱ्या रेघा काढणाऱ्या किडीलाही आपण नागअळीच म्हणतो. ती एका बारीक माशीची अळी आहे. पूर्ण वाढ झाल्यावर ती पानातून बाहेर पडते आणि बहुधा जमिनीवर पडून मातीत कोषावस्थेत जाते. संत्रा-लिंबावरील अळी ही माशीची नसून एका अगदी लहान पतंगाची आहे आणि तिचा कोष पानावरच असतो. २०१४ मध्ये पुणे भागात प्रथम आढळलेली टोमॅटोवरील पाने व फळे पोखरणारी अळी हीदेखील पतंगवर्गातीलच, पण ती वेगळ्या कुळातील आहे. ती संत्र्यावर येत नाही आणि संत्र्यावरील अळी टोमॅटोवर जात नाही.

हा फरक सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. टोमॅटोच्या नागअळीसाठी शेजाऱ्याने जमिनीवर काही टाकले म्हणून आपणही संत्र्याच्या आळ्यात तेच टाकले, तर त्याचा येथे उपयोग नाही. या किडीची कोणतीही अवस्था जमिनीत जात नाही.

पतंग कसा असतो

शास्त्रीय भाषेत या किडीला फिल्लोक्निस्टिस सिट्रेला असे म्हणतात. स्टेंटन या इंग्रज कीटकतज्ज्ञाने १८५६ मध्ये कलकत्त्याहून मिळालेल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. म्हणजे ही आपल्याच भागातील जुनी कीड आहे, बाहेरून आलेली नव्हे. आज मात्र ती जगातील जवळजवळ सर्व लिंबूवर्गीय फळांच्या प्रदेशांत पोहोचली आहे.

पतंग इतका लहान असतो की बागेत तो सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. बसलेला असताना त्याची लांबी जेमतेम २ मि.मी. भरते आणि पंख पसरले तरी ४ मि.मी. च्या आसपास. पुढचे पंख चंदेरी पांढरे असून त्यांवर पिवळसर तपकिरी पट्टे असतात आणि प्रत्येक पंखाच्या टोकाशी एक काळा ठिपका असतो. मागचे पंख अगदी अरुंद, कडेने लांब केसांची झालर असलेले असतात. दहा पट मोठे दाखवणारे भिंग जवळ असेल तर हा ठिपका स्पष्ट दिसतो. असे भिंग बागायतदाराने खिशात ठेवावेच. एका फवाऱ्याच्या खर्चापेक्षा ते स्वस्त पडते.

पतंग दिवसा पानांच्या आडोशाला किंवा खोडाशी बसून राहतात. त्यांची हालचाल संध्याकाळी, रात्री व पहाटे चालते. त्यामुळे दुपारी बागेतून फेरी मारणाऱ्याला पतंग दिसला नाही म्हणून तो नाही असे समजू नये.

जीवनक्रम

मादी संध्याकाळी व रात्री अंडी घालते आणि ती एकेक, सुटी घालते. जागा निवडण्यात ती फार चोखंदळ असते. पान नुकते उलगडलेले, १ ते २ सें.मी. लांबीचे असावे लागते. बहुतेक अंडी पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेजवळ सापडतात. प्रादुर्भाव जास्त असेल तर वरच्या बाजूलाही असतात. अंडे सपाट, पारदर्शक आणि पाण्याच्या बारीक थेंबासारखे असते. पान उन्हाकडे तिरपे धरले तर भिंगातून ते चमकताना दिसते. एक मादी आपल्या आयुष्यात सुमारे ५० अंडी घालते. कोवळी नवती कमी असेल तर एकाच पानावर अनेक माद्या अंडी घालतात. म्हणून कधी कधी एका पानात चार-चार, पाच-पाच रेघा एकमेकींत गुंतलेल्या आढळतात.

गरम हवेत दोन-तीन दिवसांत अंडे उबते. येथे या किडीची एक विशेष गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अळी अंड्यातून बाहेर पडून पानावर फिरत नाही. अंड्याचा जो भाग पानाला चिकटलेला असतो तेथूनच ती थेट पानाच्या आत शिरते. त्यानंतर पतंग होईपर्यंत ती उघड्यावर येतच नाही. पृष्ठभागावर साचून राहणारे, केवळ स्पर्शाने मारणारे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही याचे मूळ कारण हेच.

अळी पिवळसर हिरवी, पारदर्शक, चपटी आणि बिनपायाची असते. ती पान कुरतडून खात नाही. पानाच्या अगदी वरच्या पातळ थरातील पेशी ती जबड्याने फोडते आणि त्यातील रस पिते. वरचा मेणासारखा पापुद्रा तसाच राहतो, आतील पेशी रिकाम्या होतात आणि त्या पोकळीत हवा भरते. रेघ चांदीसारखी चमकते ती या हवेमुळे. अळी पुढे सरकते तशी मागे विष्ठेची बारीक काळपट रेषा पोकळीच्या मधोमध सोडत जाते. रेघ सुरुवातीला दोऱ्याएवढी बारीक असते आणि अळी कात टाकून मोठी होत जाते तशी रुंदावत जाते. संपूर्ण रेघ ताणून मोजली तर ५ ते १० सें.मी. भरते. एवढे सगळे काम ३ मि.मी. लांबीचा जीव करतो. एक पान सोडून दुसऱ्या पानात जाणे तिला शक्य नसते. ज्या पानात जन्म त्याच पानात वाढ.

हवामान गरम व दमट असेल तर पाच-सहा दिवसांत अळीचे खाणे संपते. थंडीत यालाच वीस दिवसही लागतात. शेवटच्या अवस्थेत अळी काहीच खात नाही. ती रेघ काढत पानाच्या कडेशी पोहोचते आणि रेशमासारखा धागा काढून आपल्याभोवती गुंडाळते. हा धागा सुकताना आखडतो आणि पानाची कड आपोआप दुमडली जाते. त्या दुमडीत पिवळसर तपकिरी कोष असतो. कोषाच्या डोक्याशी एक टोकदार काटा असतो, त्याने दुमड फोडून पतंग बाहेर पडतो. उष्ण दिवसांत कोषावस्था सुमारे एक आठवड्याची असते, थंडीत तीन आठवड्यांपर्यंत लांबते. पतंग बहुतेक पहाटे बाहेर पडतो, दिवसभरात त्याचे मीलन होते आणि लगेच पुढची अंडी घातली जातात. पतंगाचे आयुष्य फार तर आठवडा-दोन आठवड्यांचे.

आता बेरीज करून पाहू. अंड्याचे तीन, अळीचे सहा आणि कोषाचे सात दिवस धरले तर पावसाळी गरम हवेत सोळा-सतरा दिवसांत एक पिढी पूर्ण होते. कडाक्याच्या थंडीत हाच काळ दीड महिन्याच्या पुढे जाऊ शकतो. आणि नवतीचे पान? तेही फुटल्यापासून दोन-तीन आठवड्यांत गर्द हिरवे व टणक होते. टणक पानात अळी शिरू शकत नाही.

या दोन हिशोबांची सांगड घालून पाहा. बागेत सगळ्या झाडांवर नवती एकदम फुटली आणि एकदम जून झाली, तर त्या नवतीवर जन्मलेले पतंग बाहेर पडतात तेव्हा अंडी घालायला कोवळे पानच शिल्लक नसते. आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेक पतंग वंश न वाढवता मरतात. उलट झाडांवर थोडी आज, थोडी आठ दिवसांनी अशी नवती सतत निघत राहिली, तर प्रत्येक पिढीला कोवळी पाने आयती मिळतात आणि कीड गुणाकाराने वाढत जाते. या किडीचा बंदोबस्त निम्म्याहून अधिक येथेच आहे. दुकानातली बाटली त्यानंतरची.

सतत नवती का निघते

पहिले कारण पानसोट. खोडावर व मुख्य फांद्यांवर सरळ वर धावणारे, जोमदार, फळ न देणारे हे फुटवे वर्षभर कोवळी पाने देत राहतात. दोन बहारांच्या मधल्या काळात पतंगाला जगवण्याचे काम बऱ्याच अंशी हेच करतात. दुसरे कारण नत्र. युरियाचा हात वरचेवर आणि मोठा पडला की झाड वेळी-अवेळी पालवी फेकते. तिसरे कारण पाणी व छाटणी. आंबिया बहारासाठी बाग ताणावर सोडून मग एकदम पाणी दिले तर नवती एकसारखी येते. ताण अर्धवट झाला, मध्येच पाणी मिळाले, की फूट मागे-पुढे होते. उन्हाळ्याच्या शेवटी किंवा भर पावसाळ्यात केलेली छाटणी तर पतंगाला आमंत्रणच होय.

बांधावरचे ईडलिंबू, परसातले महाळुंग, देवळाजवळचा बेल ही झाडेही या किडीला चालतात. ती तोडावीत असे मुळीच सुचवायचे नाही. बागेत नवती नसतानाही कीड कोठे असते, हे माहीत असावे एवढेच.

आंबिया बहाराच्या नवतीवर सहसा प्रादुर्भाव तुलनेने कमी असतो, कारण थंडीत पिढ्या लांबलेल्या असतात आणि पतंगांची संख्या घटलेली असते. मृगाच्या व त्यानंतर हस्ताच्या नवतीवर मात्र ऊब आणि ओलावा दोन्ही मिळतात. विदर्भातील बागांत पावसाळा व त्यालगतचे दिवस हे सर्वांत जास्त लक्ष ठेवण्याचे होत.

नुकसान कोठे खरे, कोठे दिसण्यापुरते

आठ-दहा वर्षांच्या, फळावर असलेल्या संत्र्याच्या झाडावर हजारो जून पाने असतात. झाडाचे अन्न तयार करण्याचे मुख्य काम तीच करतात. शेंड्याकडील काही पाने पोखरली गेली तर झाडाची त्यामानाने फारशी हानी होत नाही. पोखरलेले पानसुद्धा ज्या भागात हिरवे आहे त्या भागात काम करीतच असते, म्हणून अशी पाने तोडून टाकण्याचीही गरज नाही. चार वर्षांवरील निरोगी झाडांवर केवळ या अळीसाठी फवारा करण्याचे कारण सहसा पडत नाही. बाग वाईट दिसते हे मान्य. पण दिसणे आणि उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रोपवाटिका आणि नवी लागवड येथे चित्र उलटे असते. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेल्या कलमाला मोजकीच पाने असतात आणि त्यातील बहुतेक कोवळी. त्यातली निम्मी आकसली तर वाढ थांबते, शेंडा वाकडा होतो, कलम विक्रीयोग्य होण्यास उशीर लागतो. रोपवाटिकेत भरपूर पाणी व खत मिळाल्याने नवती सतत चालू असते, म्हणजे पतंगाला वर्षभर पंगत मांडलेली. लागवडीनंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांतही तसेच. या काळात मागे पडलेले झाड पुढे सहज भरून येत नाही. खर्च करायचा तो येथे करावा.

तिसरे ठिकाण कागदी लिंबाची बाग, आणि तेथील धोका अळीपेक्षा तिच्या मागून येणाऱ्या रोगाचा आहे.

अळी आणि खैऱ्या रोग

कागदी लिंबावरील खैऱ्या रोग अणुजीवांमुळे होतो. हे अणुजीव पावसाच्या थेंबांबरोबर व वाऱ्याबरोबर उडतात आणि पानावरील नैसर्गिक छिद्रांतून किंवा जखमांतून आत शिरतात. अळीने पोखरलेले पान म्हणजे लांबच लांब उघडी जखम. पापुद्रा फाटला की आतील मऊ भाग सरळ पावसाच्या माऱ्यात येतो. अशा पानांवर खैऱ्याचे ठिपके सुटे न राहता नागमोडी रेघेच्या वाटेनेच पसरलेले दिसतात. आपल्या बागेतील पाने तपासून पाहा, रेघेवर ओळीने उठलेले खरबरीत फोड सापडतील. अळी रोग निर्माण करीत नाही, पण त्याला दार उघडून देते आणि एका पानावर पुष्कळ रोगबीज तयार होऊ देते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात याचा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. ही कीड तेथे १९९३ मध्ये प्रथम आढळली आणि वर्षभरात राज्यभर पसरली. १९९५ मध्ये मायामीजवळ खैऱ्या सापडला. रोगाच्या उच्चाटनासाठी तेथील शासनाने झाडे तोडण्याची मोहीम घेतली. २००६ मध्ये ती सोडून द्यावी लागली तोवर १ कोटी ६० लाखांहून अधिक झाडे तोडली गेली होती. रोग पसरण्यास चक्रीवादळेही कारणीभूत होती. पण अळीच्या जखमांमुळे रोगाला मिळालेला आधार तेथील शास्त्रज्ञांनी स्पष्टपणे नोंदवला आहे. आपल्याकडे कीड व रोग दोन्ही जुने रहिवासी आहेत, म्हणून त्यांच्या जोडीकडे आपले दुर्लक्ष होते. नागपुरी संत्र्यावर खैऱ्या कमी येतो. तेव्हा संत्र्याच्या मोठ्या बागेत जी अळी दुर्लक्ष करण्यासारखी, तीच लिंबाच्या बागेत पावसाळ्यात काळजी करण्यासारखी ठरते.

पान कसे वाचावे

विस्तार कार्याच्या निमित्ताने आमच्याकडे बागायतदार पानांची पुडकी घेऊन येतात. बहुतेक वेळा आणलेली पाने मोठी, हिरवी, ठळक रेघांची असतात आणि भिंगाखाली धरली तर आत अळी सापडत नाही. पान आणायचेच तर शेंड्याचे, सर्वांत कोवळे आणावे. बागेत पाहताना पुढील क्रम ठेवावा.

प्रथम रेघेचे बारीक टोक शोधावे. तेथून अळीचा प्रवास सुरू झालेला असतो. तेथून रेघेवरून नजर पुढे न्यावी. रुंद टोकाशी पिवळसर अळी हलताना दिसली तर प्रादुर्भाव चालू आहे. रेघ पानाच्या कडेशी जाऊन संपली असेल आणि तेथे कड दुमडलेली असेल तर आत कोष आहे. खाणे संपले आहे, या पानासाठी फवाऱ्याचा उपयोग नाही. दुमड फुटलेली व कोषाची रिकामी साल बाहेर डोकावत असेल तर पतंग गेला. आणि रेघ पानाच्या मध्येच, कडेपर्यंत न पोहोचता थांबली असेल व शेवटी काळी पडलेली, सुकलेली अळी किंवा तिच्याशेजारी बारीकसा गडद कोष दिसत असेल, तर समाधान मानावे. ते मित्रकीटकांचे काम आहे.

या अळीवर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्यांच्या अनेक जाती आपल्या बागांत निसर्गतः असतात. त्या पतंगाहूनही लहान असतात. मादी पापुद्र्यातून नळी खुपसून अळीवर किंवा अळीत अंडी घालते आणि तिची पिल्ले अळीला खातात. जाळीपंखी क्रायसोपाच्या अळ्या आणि कोळी हेही पापुद्रा फाडून अळीला ओढून काढतात. फ्लोरिडात कीड पोहोचल्यावर तेथील शास्त्रज्ञांनी अशी एक गांधीलमाशी मुद्दाम ऑस्ट्रेलियातून आणून १९९४ मध्ये सोडली. आपल्याकडे मित्रकीटक आधीपासून आहेत, आपण ते मारू नयेत इतकेच. सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातील औषधे वारंवार मारलेल्या बागांत आधी हेच मरतात, आणि मग अळीबरोबर कोळी कीड, काळी माशी व कोळशी यांचाही त्रास वाढतो.

बंदोबस्त

पानसोट दिसताच बुडापासून काढावेत. ते काढून बागेतच ढीग करून ठेवू नयेत, दुमडलेल्या पानांतील कोषांतून पतंग बाहेर पडू शकतात. ते पुरावेत किंवा बागेबाहेर नेऊन नष्ट करावेत. वाळलेल्या व रोगट फांद्यांची छाटणी फळांच्या तोडणीनंतर, नवती नसताना करावी. नत्राची मात्रा शिफारशीप्रमाणे, बहाराच्या वेळेस विभागून द्यावी. मधूनच हिरवेपणासाठी युरिया टाकण्याची सवय सोडलेली बरी.

फवारा करायचाच असेल तर वेळ एकच. नवती फुटून पाने १ ते २ सें.मी. झाली, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा मोठी नाहीत, आणि भिंगातून अंडी किंवा दोऱ्याएवढ्या बारीक रेघा दिसू लागल्या, तेव्हा. या वेळी ५ टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो. त्यासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी फडक्यातून पिळून गाळावे, त्यात सुमारे २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि पाणी घालून एकूण १०० लिटर करावे. अर्क त्याच दिवशी संपवावा. उन्हाने त्याचा गुण लवकर जातो, म्हणून फवारा संध्याकाळी करावा. निंबोळी अर्काने पतंगाला अंडी घालण्यास अटकाव होतो व लहान अळ्यांची वाढ खुंटते. मोठ्या अळीवर त्याचा प्रभाव दिसत नाही, मग अर्काला दोष दिला जातो. नवती चालू असेल तर आठ-दहा दिवसांनी दुसरा फवारा द्यावा.

रोपवाटिकेत किंवा लहान बागेत प्रादुर्भाव याने आवरत नसेल तरच रासायनिक औषधाकडे वळावे. ते आंतरप्रवाही असावे लागते, कारण अळी पापुद्र्याखाली असते. इमिडाक्लोप्रिडसारखे औषध यासाठी वापरले जाते. घेताना डब्यावरील माहितीपत्रकात लिंबूवर्गीय पीक व या किडीचे नाव आहे याची खात्री करावी आणि प्रमाण त्यावरचेच ठेवावे, दुकानदाराच्या अंदाजाचे नव्हे. आंबिया बहारात नवती व फुले बरोबरच येतात, तेव्हा हे औषध मधमाश्यांना घातक ठरते. फुलोऱ्यात ते वापरू नये. एकाच गटातील औषध पुन्हा पुन्हा मारू नये. झाड भिजवण्याचीही गरज नाही, फक्त नवतीचे शेंडे दोन्ही बाजूंनी ओले व्हावेत.

घरात जुनी पत्रके जपून ठेवलेली असतील तर त्यांत या किडीसाठी फॉस्फामिडॉन, मोनोक्रोटोफॉस अशी नावे सापडतील. फॉस्फामिडॉनवर २०२० अखेर आणि ३६ टक्के मोनोक्रोटोफॉसवर २०२३ मध्ये बंदी आली. कोठे जुना साठा पडून असेल तरी तो वापरू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण घेतले, ते कपाशीचे शेत होते. संत्र्याच्या झाडावर वरच्या दिशेने फवारताना तुषार तोंडावर येण्याचा धोका त्याहून अधिक असतो. तोंडाला फडके, डोळ्यांवर चष्मा, हातमोजे आणि वाऱ्याच्या दिशेचे भान यांशिवाय पंप हातात घेऊ नये व मजुराच्या हातीही देऊ नये.

लिंबाच्या बागेत पावसाळ्यात नवतीच्या वेळी अळीच्या बंदोबस्ताला खैऱ्याच्या बंदोबस्ताची जोड द्यावी. रोगट काड्या कोरड्या हवेत छाटून जाळाव्यात व कॉपर ऑक्सिक्लोराईड १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम याप्रमाणे फवारावे. ते निंबोळी अर्कात मिसळू नये, वेगळे मारावे.

कलमे घेताना

पावसाळ्यात लागवडीसाठी वरूड, मोर्शी, शेंदुरजना घाट या भागांतील रोपवाटिकांतून कलमे गाडीभर जातात. कलमाबरोबर दुमडलेल्या पानांतले कोषही प्रवास करतात आणि ज्या गावात ही कीड नव्हती किंवा नगण्य होती तेथे पहिल्याच वर्षी लागवडीवर उतरतात. म्हणून कलमे उचलण्यापूर्वी प्रत्येक वाफ्यातील चार-पाच कलमांचे शेंडे भिंगाखाली पाहावेत. जुन्या, मोठ्या पानांवर रेघा असतील तर त्यासाठी कलम नाकारू नये, ती गेलेली गोष्ट आहे. शेंड्याची पाने कोवळी असून त्यांत जिवंत अळ्या असतील किंवा कडा ताज्या दुमडलेल्या असतील, तर विक्रेत्याकडून ते शेंडे खुडून घ्यावेत किंवा नवती जून होईपर्यंत पंधरा दिवस थांबावे. कागदी लिंबाची रोपे असतील तर रेघांवर खरबरीत फोड आहेत का हे अवश्य पाहावे, आणि एकाही रोपावर ते आढळले तर त्या वाफ्यातील रोपे घेऊ नयेत. रोपवाटिकाधारकांनी शक्य असेल तर मातृवृक्ष व कलमे कीडरोधक बारीक जाळीच्या घरात ठेवावीत. जाळी फाटलेली असेल, किंवा दार दिवसभर उघडे राहत असेल, तर त्या घरातील ऊब व ओलावा किडीच्याच उपयोगी पडतो.